लस तीच, मग गोठ्यागोठ्यांत फरक का पडतो?

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात पसरला, तेव्हापासून दूध उत्पादकांच्या बोलण्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. दोन गोठे शेजारीशेजारी, लस एकाच दिवशी टोचलेली, चाराही जवळपास सारखाच. तरी एका गोठ्यातील गाई आठवडाभरात सावरतात आणि दुसऱ्या गोठ्यात गाय अंग धरत नाही, वासरू दगावते. त्या वर्षी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली. वर्षअखेरीस लम्पीसाठी खास विकसित केलेल्या देशी लशीचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे आले. लशीच्या बाजूने बरेच काम झाले, मात्र ज्या शरीरात ती लस जाते ते शरीर दिवसरात्र कोणत्या हवेत, कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या पाण्यावर जगते, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

साथीत कोणते जनावर वाचते, हे अनेक गोष्टींवर ठरते. जनावराचे वय, चावणाऱ्या माश्यांची संख्या, लशीची शीतसाखळी, म्हणजे ती टोचेपर्यंत थंड राखण्याची व्यवस्था, आणि उपचाराची वेळ या त्यांपैकी काही होत. गोठा हा त्यातला एक वाटा आहे. तो ठळक दिसत नाही, पण मालकाच्या हातात सर्वांत जास्त असलेला वाटा तोच आहे, म्हणून येथे त्याचा विचार केला आहे.

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय

जनावराच्या शरीराचे संरक्षण तीन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी म्हणजे कातडी, सडाच्या टोकाची घट्ट मिटणारी छिद्रे आणि श्वासनलिकेचे ओलसर अस्तर. या अस्तरावरील अतिसूक्ष्म केस सतत हलत राहतात आणि धूळ व जंतू वर ढकलून बाहेर काढतात. दुसऱ्या पातळीवर रक्तातील पांढऱ्या पेशी असतात, त्या आत शिरलेल्या जंतूला गाठून गिळतात. तिसरी पातळी स्मरणशक्तीची आहे. एकदा भेटलेल्या जंतूची ओळख ठेवून त्याच्याविरुद्ध शरीर जी नेमकी प्रथिने तयार करते त्यांना प्रतिपिंडे म्हणतात, आणि लस देऊन आपण हीच ओळख आधी करून देतो.

नवजात वासराकडे ही तिसरी पातळी जवळजवळ नसतेच. गाईच्या वारेतून, म्हणजे नाळेने गर्भाशी जोडलेल्या आवरणातून, प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. ती आतड्यातून थेट रक्तात शोषून घेण्याची वासराची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटते आणि साधारण चोवीस तासांत संपते. म्हणून वासराच्या वजनाच्या दहा टक्के चीक, त्यातलाही मोठा भाग पहिल्या काही तासांत, पाजावा असे पशुवैद्यक सांगतात. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही जुनी समजूत अजून काही घरांत पाळली जाते, आणि तिची किंमत वासरू चुकते करते.

ही सारी यंत्रणा चालवायला ऊर्जा लागते. होल्स्टीन या जास्त दूध देणाऱ्या विदेशी गाईंवरील एका प्रयोगात जंतूंच्या घटकांनी प्रतिकारयंत्रणा मुद्दाम चेतवली, तेव्हा तिने १२ तासांत एक किलोहून अधिक ग्लुकोज वापरल्याचे दिसले. घरखर्चाची जुळवाजुळव करणाऱ्या कोणालाही पुढचा हिशेब समजेल. मिळकत तीच राहिली आणि उकाडा, कुबट हवा, ओली जमीन, पेंडीतले विष असे एकेक किरकोळ खर्च महिन्याच्या सुरुवातीलाच निघत गेले, तर आजारपण आल्यावर काढायला गाठीला काही उरत नाही. यांतला एकही खर्च एकट्याने घर बुडवत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

नाकाला सवय होते, फुफ्फुसाला होत नाही

गोठ्यात शिरताच येणारा उग्र दर्प म्हणजे अमोनिया. मूत्रातील युरियावर शेणातील जंतूंच्या विकरांची क्रिया होते आणि हा वायू तयार होतो. मूत्र आणि शेण एकत्र साचून राहिले की तो जास्त निघतो. मूत्र उताराने लगेच वाहून गेले की कमी निघतो. श्वासनलिकेच्या ओलाव्यात तो विरघळतो आणि वर सांगितलेल्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, प्रमाण वाढले तर ते केस झडतात. मग एरवी सहज बाहेर फेकले गेले असते ते जंतू फुफ्फुसात उतरतात. कोंबड्यांमध्ये हे फार पूर्वी दाखवले गेले आहे. हवेच्या दहा लाख भागांत वीस-पंचवीस भाग एवढा अमोनियासुद्धा काही दिवस राहिला, तर राणीखेत रोगाचा विषाणू पक्ष्यांना अधिक सहज ग्रासतो.

अडचण अशी की रोज गोठ्यात वावरणाऱ्या माणसाला हा वास हळूहळू जाणवेनासा होतो. शिवाय वायू निघतो जमिनीलगत आणि आपण उभे असतो पाच फुटांवर. वासरू मात्र खाली बसून, नाक जमिनीजवळ ठेवून तासन्‌तास तीच हवा घेते. वासराशेजारी त्याच्या नाकाच्या उंचीवर थोडा वेळ बसून पाहणे, ही बिनखर्चाची आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह तपासणी आहे. डोळे चुरचुरू लागले तर मर्यादा आधीच ओलांडलेली असते.

पोल्ट्रीत हाच प्रश्न हिवाळ्यात तीव्र होतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपास रात्रीचा पारा खाली येतो, पिलांना गारठा बाधू नये म्हणून शेडचे पडदे पूर्ण सोडले जातात, आतली वाफ आणि अमोनिया आतच कोंडतो, आणि खालचे भाताचे तूस ओले होऊन त्याचे थर धरतात. ऊब हवी हे खरेच आहे. ऊब खाली आणि हवा वरून, अशी व्यवस्था लागते. म्हणजे पडद्याची वरची फूट-दीड फूट पट्टी उघडी ठेवून ब्रूडरची, म्हणजे पिलांना ऊब देणाऱ्या उपकरणाची, उष्णता खाली राखायची.

जाता जाता एक विलक्षण नोंद. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर जे प्राणघातक धुके साचले, त्यात तेथील स्मिथफील्ड प्रदर्शनातील बक्षीसपात्र गुरे श्वास कोंडून आजारी पडली, त्यांतली काही मेली, काही मारावी लागली. ज्या जनावरांचे अंथरूण तितक्या वेळा बदलले जात नव्हते ती तुलनेने तगली, आणि त्यांच्याभोवतीच्या अमोनियाने धुक्यातील आम्ल काही अंशी उदासीन केले असावे, असे स्पष्टीकरण तेव्हा पुढे आले. गोठा घाण ठेवण्याचे हे समर्थन होऊ शकत नाही. दोन प्रदूषके एकत्र आली की हिशेब सरळ बेरजेचा राहत नाही, एवढेच त्यातून कळते.

ओली जमीन आणि संध्याकाळचा धूर

दुभती गाय दिवसातले बारा-चौदा तास बसून काढू पाहते. रवंथ करणे आणि पायांना विश्रांती देणे तिला त्या वेळातच जमते. जमीन ओली, खडबडीत किंवा निसरडी असेल तर ती बसायचे टाळते, उभ्याने थकते आणि तिच्या खुरांवर भार येतो. बसलीच तर कास चिखलात टेकते. धार काढल्यावर सडाचे छिद्र पूर्ण मिटायला साधारण अर्धा तास लागतो, आणि नेमक्या त्या वेळात ती ओल्या शेणावर बसली तर कासदाहाच्या, म्हणजे ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात त्या रोगाच्या, जंतूंना वाट मोकळी होते. धार संपताच गव्हाणीत ताजा चारा टाकावा, म्हणजे गाय उभी राहते, हा साधा उपाय त्यासाठीच आहे.

ओलीचा दुसरा परिणाम माश्यांतून येतो. गोठ्यातली चावरी माशी कुजणारा कडबा आणि शेण यांच्या ओल्या मिश्रणात अंडी घालते. लम्पीचा विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्यांत या माश्या, डास आणि गोचीड यांचा हात असतो. म्हणजे गव्हाणीखाली साचलेला ओला चोथा प्रतिकारशक्ती खर्ची घालतो आणि रोगाची ने-आणही सोपी करतो.

मग धुराचा प्रश्न येतो. पावसाळ्यात संध्याकाळी कडुनिंबाचा पाला जाळून गोठ्यात धूर करण्याची पद्धत जुनी आहे आणि त्याने माश्या तात्पुरत्या हटतातही. पण बंद, बुटक्या गोठ्यात रोज तासभर कोंडलेला धूर श्वासनलिकेच्या त्याच अस्तराला घासतो ज्याला अमोनियाने आधीच दुबळे केले आहे. मोकळ्या जागेत, वाऱ्याची दिशा पाहून, थोडा वेळ केलेला धूर ही वेगळी गोष्ट. काही ठिकाणी पाल्यासोबत जुने टायर आणि पोती जाळली जातात. त्याला मात्र काहीही सबब नाही.

पुण्याचा पावसाळा गाईला थंड वाटतो का

आपण उकाडा तापमानावर मोजतो, पण गाय तो तापमान आणि दमटपणा या दोहोंच्या मिळून झालेल्या भारावर मोजते. या एकत्रित भाराला तापमान-आर्द्रता निर्देशांक म्हणतात. तो साधारण ७२ च्या वर गेला की जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईला ताण सुरू होतो. २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाच तो जवळजवळ ७२ भरतो. एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या, २५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या दुपारी तो ८३ च्या आसपास असतो, आणि जुलैतल्या २८ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या ढगाळ दिवशी ८० च्या आसपास. आपण ज्या दिवसाला सुखद म्हणतो तो हवा न खेळणाऱ्या पत्र्याच्या गोठ्यातील होल्स्टीन गाईसाठी उन्हाळ्याहून फारसा निराळा नसतो.

ताणात शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडते. थोड्या काळासाठी ते उपयोगी असते. आठवडेच्या आठवडे वाढलेले राहिले तर जंतू गिळणाऱ्या पेशींची धार बोथट करते. भूक मंदावते, म्हणजे ऊर्जेची मिळकतही घटते. याहून गंभीर बाब पुढच्या पिढीची आहे. विण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन महिन्यांत आटवलेली, म्हणजे दूध काढणे थांबवलेली, गाय उन्हात तापत राहिली, तर तिचे वासरू कमी वजनाचे जन्मते आणि चिकातील प्रतिपिंडे त्याच्या रक्तात कमी शोषली जातात, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे सावली, पंखा आणि चांगली जागा दुभत्या गाईंना मिळते आणि आटवलेली गाय कडेच्या झाडाखाली, नाहीतर पत्र्याच्या शेवटच्या तापत्या टोकाला बांधली जाते. हा क्रम बदलायला हवा.

फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र, लावणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. हवा वाहती नसेल तर फवारा फक्त दमटपणा वाढवतो. आधी पंखा आणि उंच, वरून उघडे छप्पर, मग पाणी.

पेंडीतील न दिसणारी बुरशी

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीत निघाला, आणि त्या पेंडीवरील बुरशीने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष मोठ्या मात्रेत यकृत नासवते. थोड्या मात्रेत रोज पोटात गेले तर मृत्यू येत नाही, पण प्रतिपिंडे बनवण्याचे काम मंदावते. कोंबडीच्या पिलांत प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी ज्या अवयवात वाढतात तो अवयवच त्याने आक्रसतो. मग बॅचला लस वेळेवर मिळूनही मरतुक वाढते आणि दोष लशीवर ढकलला जातो.

ओल लागलेला मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड आणि हवा शिरलेला मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेला हिरवा चारा, ही या बुरशीची आवडती ठिकाणे आहेत. गाईने खाल्लेल्या विषाचा काही अंश बदललेल्या रूपात दुधात उतरतो आणि दूध उकळून तो जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने या मर्यादेबाहेर होते. पाण्याच्या भेसळीवर आपल्याकडे जितका गवगवा होतो त्याच्या दहावा हिस्साही या बाबीवर होत नाही.

नदी, कचरा आणि शिसे

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, शुद्ध झालेले आणि न झालेले, मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीत येते. मांजरी, थेऊर, लोणी काळभोर, उरुळी कांचन या पट्ट्यात खालच्या अंगाला याच पाण्याच्या आधारे शेती आणि चाराही होतो. शहरी सांडपाण्यात शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात. ते मातीत साठतात, काही प्रमाणात हिरव्या चाऱ्यात चढतात आणि जनावराच्या यकृतात व मूत्रपिंडात गोळा होतात. कॅडमियम शरीरात जस्त आणि तांबे यांच्या जागा अडवते, आणि जस्त व तांबे नसतील तर पांढऱ्या पेशींची निर्मितीच खुंटते. शिसे असलेले पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, तरी शिसे मातीतून आपोआप नाहीसे होत नाही, म्हणून वर्दळीच्या महामार्गाकडेचे गवत कापून आणणे शहाणपणाचे नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलेली जुनी बॅटरी आणि रंगाचे डबे हा त्याहून थेट धोका आहे, कारण वासरे ते चाटतात.

कचरा जळताना, विशेषतः प्लास्टिक अर्धवट जळताना, डायऑक्सिन वर्गातील रसायने तयार होतात. ती राखेबरोबर गवतावर बसतात आणि चरबीत साठतात. प्रतिकारपेशी जेथे परिपक्व होतात ती थायमस ग्रंथी त्यांनी आक्रसते, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांत स्पष्ट दिसले आहे. पुण्याजवळच्या फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या रहिवाशांनी कचरा डेपोच्या आगीविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला, त्यात माणसांच्या आरोग्याचा मुद्दा पुढे होता. गोठ्यांचाही तितकाच रास्त होता.

येथे एक तारतम्य ठेवावे लागते. जड धातू आणि डायऑक्सिन यांविषयीचा पुरावा मुख्यतः प्रयोगांतून आणि मोठ्या अपघातांतून आलेला आहे. १९७३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात आग रोखणारे एक रसायन चुकून पशुखाद्यात मिसळले गेले, गाई खंगू लागल्या, दूध आटले, आणि कारण सापडायला महिने लोटले. अखेरीस हजारो गुरे मारावी लागली. सर्वसाधारण गोठ्यात अमोनिया, ओल, उष्मा आणि बुरशी यांचा वाटा या रसायनांहून बराच मोठा असतो. नदीचे पाणी हेच खरे कारण असे म्हणून घरच्या उकिरड्याकडे डोळेझाक करणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे.

“लस दिली आहे, मग गोठ्याचे एवढे काय?”

लस प्रतिपिंडे देत नाही, ती शरीराकडून बनवून घेते. बनवणारे शरीर ताणात असेल तर उत्तर कमी आणि अल्पकाळ टिकणारे येते. म्हणून लसीकरण सकाळच्या गारव्यात, जंतनाशक आधी देऊन आणि जनावर आजारी नसताना करायचे असते. याचा उलटा अर्थ काढून लस टाळणे मात्र घातक ठरेल. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लशींना चांगला गोठा हा पर्याय नाही.

“देशी गाईला हे काही बाधत नाही”

उष्म्याबाबत यात बरेच तथ्य आहे. खिलार किंवा गीर गाईची कातडी, घाम येण्याची क्षमता आणि शरीरात निर्माण होणारी कमी उष्णता यांमुळे ती संकरित गाईपेक्षा ऊन अधिक सोसते. डांगी गाय मुसळधार पावसात तगते. पण अफ्लाटॉक्सिन, शिसे आणि अमोनिया जात पाहत नाहीत. २०२२ च्या लम्पीत राजस्थान-गुजरातमध्ये देशी गाईही मोठ्या संख्येने दगावल्या. म्हशीचे उदाहरण असेच दिले जाते, की ती चिखलातच लोळते. तिला घर्मग्रंथी कमी, म्हणून तिला पाणी हवेच असते, पण डबक्यातील गाळ सडाला लागून कासदाह व्हायचा तो होतोच.

“मग प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर द्यावी का?”

खनिज मिश्रण द्यावे, कारण जस्त, तांबे, सेलेनियम यांची कमतरता आपल्या चाऱ्यात खरोखर आढळते. बाजारातील बाकी बहुतेक चूर्णांबाबत माझे मत असे, की तोच पैसा आधी जमिनीचा उतार दुरुस्त करण्यात घालावा. जो खर्च रोज चालू आहे तो थांबवल्याशिवाय वरून भर घालण्यात फारसा अर्थ नसतो.

“एवढे भांडवल आणायचे कोठून?”

मुक्त संचार गोठा हा शब्द ऐकून अनेकांना मोठे बांधकाम डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्यात कुंपण, मुरमाची कोरडी जमीन आणि थोडी सावली एवढेच लागते. भारतीय मानकानुसार मोठ्या गाईला सुमारे ३.५ चौरस मीटर छपराखाली आणि ७ चौरस मीटर उघड्यावर जागा हवी. तेवढी जागा नसेल तर पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात, छपराच्या माथ्याशी फट, मूत्र वाहून नेणारी नाली आणि उकिरडा वाऱ्याच्या खालच्या बाजूला हलवणे, एवढ्याने सुरुवात होते. वासरांना मोठ्या जनावरांपासून वेगळी, कोरडी जागा देणे हे यांत सर्वांत आधी करावे, कारण प्रतिकारशक्तीचे भांडवल त्यांच्याकडे सर्वांत कमी असते.

नदीकाठच्या गोठ्यांनी काय करावे

नदी स्वच्छ करणे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही, ते महापालिकांचे आणि उद्योगांचे काम आहे. तोवर जनावरांना पिण्यासाठी नदी-नाल्याचे पाणी न देता शक्य तेथे तपासलेल्या विहिरीचे किंवा बोअरचे द्यावे, आणि ते पाणी जड धातूंसाठी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे. सांडपाण्यावरचा चारा जमिनीपासून थोडा उंच कापावा म्हणजे मातीचा अंश कमी येतो, आणि तो कोरडवाहू कडब्यात मिसळून द्यावा. जलपर्णी फुकट मिळते म्हणून गव्हाणीत टाकू नये, कारण पाण्यातले धातू ती स्वतःत शोषून ठेवते. कॅल्शियम, लोह आणि जस्त कमी असलेले जनावर शिसे व कॅडमियम अधिक शोषते, त्यामुळे या पट्ट्यात खनिज मिश्रणात खंड पडू देऊ नये. गाभण गाय आणि दूध तुटलेली कालवड यांच्याबाबतीत तर मुळीच नाही.